मनोनकाशा: विद्यार्थ्याच्या विचाराचा आलेख

शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेचे जे निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी जे लिहून घेतले, त्याच्या आरंभीच्या गणेशवंदनात विद्यांची विलक्षण मांडणी आढळते: षड्दर्शने हे गणेशाचे सहा भुज, तर्क हा त्यांतील एका हातीचा परशू, आणि अठरा पुराणे ही अंगावरची रत्नभूषणे. अफाट शास्त्रसंभार एकाच मूर्तीच्या आश्रयाने मांडला गेल्यामुळे प्रत्येक विद्येचे स्थान श्रोत्याला जणू डोळ्यांनी दिसते.

शाळांतून ‘माइंड मॅप’ म्हणून परिचित झालेला मनोनकाशा याच दृष्टिसामर्थ्याचा उपयोग करतो. इंग्लंडमधील टोनी बुझान यांनी १९७४ पासून पुस्तके व बीबीसीवरील मालिका यांच्या द्वारे त्याचा प्रसार केला. आडव्या कागदाच्या मध्यभागी विषय, त्यापासून निघणाऱ्या ठळक शाखा, त्यांच्या उपशाखा आणि प्रत्येकीवर एकेकच शब्द, एवढाच त्याचा तपशील.

परंतु त्याचे खरे मोल आकृतीत नसून ती काढताना कराव्या लागणाऱ्या निवडीत आहे. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी नेवाशाच्या लाडमोड टेकडीवर केलेल्या उत्खननाचा पाठ घेऊ. अश्मयुगीन हत्यारे, ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली बालके, सातवाहनकालीन वस्ती आणि रोमन बनावटीच्या मद्यकुंभांचे अवशेष ही यादी मुलगा घोकू शकतो. मात्र हे मद्यकुंभ ‘सातवाहन’ या शाखेवर बसवावे की ‘व्यापार’ या शाखेवर, आणि प्रवरा ही स्वतंत्र शाखा मानावी की सर्व वस्त्यांना जोडणारी रेषा, हे ठरविताना त्याला कार्यकारणाचा विचार करावाच लागतो.

पाठ्यपुस्तकांतील ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ या स्वाध्यायात शाखा आधीच ठरलेल्या असतात. मुलांनी केवळ रिकाम्या चौकटी भरावयाच्या. आरंभास तो सराव उपयुक्त असला, तरी तेथेच थांबणे, किंवा फळ्यावरची आकृती वहीत उतरवून घेणे, म्हणजे पाठांतराचाच जुना शिरस्ता नव्या वेषात चालविणे होय. पुस्तक मिटवून नकाशा काढावा, मग ते उघडून राहिलेले मुद्दे निराळ्या रंगाने भरावेत. विस्मृतीची जागा तत्काळ कळते. अर्थात, गणिताच्या सिद्धतेसारख्या क्रमनिष्ठ विषयास हे साधन मानवत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

एकाच पाठाचे चाळीस नकाशे चाळीस प्रकारचे निघाले, तर शिक्षकांनी ते एका साच्यात बसवू नयेत. ‘ही शाखा येथेच का काढलीस?’ एवढे प्रत्येकाला विचारावे, कारण त्या उत्तरातच मुलाचे आकलन प्रकट होते.