पगार नाही, म्हणून भरपाईही नाही?

नांदेड, परभणी, लातूरकडची बरीच मुलं शिकायला हैदराबादला असतात. कुणी कुकटपल्लीत इंजिनिअरिंगला, कुणी अमीरपेठेत सॉफ्टवेअरच्या कोर्सला, कुणी अशोकनगरच्या स्पर्धापरीक्षेच्या क्लासला. त्यांतल्या एखाद्याला गाडीने उडवलं की गावाहून धावत आलेल्या नातलगांत एक सल्लागार असतोच. "कमावता असता तर क्लेम टाकला असता. हा तर शिकतोय अजून. दवाखान्याचं बिल निघालं तरी पुष्कळ."

हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो ऐकून गप्प बसणारी घरं कमी नाहीत. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 166 खाली दावा करायला पगाराची चिठ्ठी लागत नाही. मुलगा आज काय कमावतो एवढंच मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पाहत नाही. अपघात झाला नसता तर तो काय कमावता झाला असता, याचाही अंदाज बांधतं. याचं ठळक उदाहरण रांचीजवळच्या मेसरा इथल्या बिर्ला इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्याचं. 1993 मध्ये मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला अपघात झाला. दोनेक महिने तो कोमात होता, उजवा हात कापावा लागला, दृष्टीवर परिणाम झाला, आणि 70 टक्के कायमचं अपंगत्व आलं. कॅम्पस मुलाखतीत मोठ्या कंपन्यांनी साडेतीन लाखांचं पॅकेज देऊ केलं होतं, असं त्याचं म्हणणं होतं, पण त्याला पुरेसा पुरावा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये तो आकडा बाजूला ठेवला आणि साधा हिशेब केला: हा मुलगा सरकारी सहायक अभियंता जरी झाला असता, तरी वर्षाला किमान 60 हजार मिळाले असते. त्याचे 70 टक्के म्हणजे 42 हजार, वयानुसार गुणक 18, झाले 7 लाख 56 हजार. इतर बाबींचे दीड लाख धरून एकूण 9 लाख 6 हजार. खालच्या न्यायाधिकरणाने अडीच लाख दिले होते.

60 हजार हा त्या काळचा दर. लक्षात ठेवायची ती रीत. ऑफर लेटर नसलं तरी दावा कोसळत नाही; असलं तर आकडा वाढतो. शाळकरी मुलांच्या बाबतीतही 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, काल्पनिक उत्पन्न धरताना त्या राज्यातल्या कुशल कामगाराचं किमान वेतन तरी धरा.

आता उलटा गैरसमज. "पोराचं अख्खं वर्ष गेलं, आता लाखोंनी मिळणार." इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पाय मोडला, चार-सहा महिने अंथरूण धरलं, हजेरी भरली नाही आणि मुलगा डिटेन झाला. हैदराबादच्या जेएनटीयू या तंत्रशास्त्र विद्यापीठात 75 टक्के हजेरी लागते, वैद्यकीय कारणाने दहा टक्क्यांपर्यंत सूट मिळते, त्याखाली गेलं की ते वर्ष किंवा सेमिस्टर पुन्हा. पण पुढे पाय पूर्ण बरा झाला, तर भविष्यातल्या कमाईचा मोठा हिशेब लागू होत नाही. वाया गेलेल्या वर्षाची एक ठोक रक्कम, पुन्हा भरलेली फी, होस्टेल, क्लास, उपचार, वेदना, एवढंच मिळतं. त्या ठोक रकमेचा कुठला ठरलेला तक्ता नाही, त्यामुळे पुन्हा भरलेल्या फीची प्रत्येक पावती जपावी. लाखांचा आकडा येतो तो कायमच्या अपंगत्वामुळे.

त्यातही अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का म्हणजेच कमाईतली घट, असं धरून चालतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालाने ते खोडून काढलं. डावा हात गमावलेल्या सुताराची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडू शकते, कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. दाखल्यावर मात्र दोघांचा टक्का सारखाच. म्हणून मूल काय शिकत होतं हे अर्जात नीट लिहिलं पाहिजे. पाय आखडलेल्या सिव्हिल इंजिनिअरला साइटवर उभं राहता येणार नाही. संगणकावर बसणाऱ्याचं तितकं अडणार नाही.

"शिकून नोकरी लागली, आता भरपाई कसली?" विमा कंपनीचा वकील हा मुद्दा हमखास काढतो. याचं उत्तर हैदराबादच्याच एका खटल्यात सापडतं, मात्र तो गाडीच्या अपघाताचा नव्हता. 1990 मध्ये इथल्या निम्स रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर एका विशीतल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचं कंबरेखालचं शरीर लुळं पडलं. तो पुढे आयटीत चांगल्या नोकरीला लागला, आणि सर्वोच्च न्यायालयात व्हीलचेअरवरून त्याने स्वतःच आपली बाजू मांडली. अपंगत्व नसतं तर हा याहून पुढे गेला असता, हेही न्यायालयाने विचारात घेतलं आणि 2009 मध्ये एक कोटी रुपये व त्यावर व्याज दिलं. जिद्दीने उभं राहिलेल्या मुलाची भरपाई त्या जिद्दीपायी कापावी, हा युक्तिवाद मला तरी नेहमी निर्लज्ज वाटत आला आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. दावा हैदराबादलाच लावावा लागतो असं नाही. अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार राहतो तिथे किंवा समोरचा राहतो तिथे लावता येतो. नांदेडच्या घरच्यांनी प्रत्येक तारखेला रेल्वेत बसायची गरज नाही. दुचाकीवर तिघे होते एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही, त्या तिघांमुळे अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा तसा निकाल आहे. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर वेगळी योजना आहे: गंभीर जखमीला 50 हजार, मृत्यू झाल्यास दोन लाख. "सवडीने बघू" मात्र चालणार नाही. 1 एप्रिल 2022 पासून अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे. तिला आव्हान दिलं गेलं असून, नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तूर्त मुदत उलटली या कारणाने अर्ज फेटाळू नका असं सांगितलं. पण हा आदेश अंतरिम आहे. त्याच्या भरवशावर दिवस ढकलू नयेत.

फाइलमध्ये लोक एक्सरे आणि बिलं गच्च भरतात, कॉलेजचा कागद एकही नसतो. बोनाफाइड, अपघाताआधीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, हजेरीचा उतारा, न दिलेल्या परीक्षेचं हॉल तिकीट, डिटेन केल्याची नोटीस, लेखनिक घेतला असेल तर त्याची परवानगी, हे सगळं कॉलेजच्या ऑफिसातून शिक्क्यासह मिळतं. पोलीस ठाण्यातून एफआयआर, चार्जशीट आणि वूंड सर्टिफिकेटच्या प्रती घ्याव्यात. अपंगत्वाचा दाखला उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून किंवा मेडिकल बोर्डाकडून घ्यावा आणि डॉक्टरांना साक्षीला बोलवायची तयारी ठेवावी. उपचार न केलेल्या डॉक्टरच्या नुसत्या कागदावर न्यायाधिकरण सहसा विसंबत नाही.

लोक अदालतीचं बोलावणं बहुधा दावा चालू असतानाच येतं. तिथे तडजोड लवकर होते, पैसेही लवकर हातात पडतात. "कमी वाटलं तर पुढे अपील करू," असं म्हणत बाप सही करतो. पण तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसतं. मुलाच्या हाडात अजून रॉड असेल, पुढची शस्त्रक्रिया बाकी असेल आणि अपंगत्व किती हे कुणी सांगितलेलं नसेल, तर ती सही पुढच्या तारखेवर ढकलावी.