गाई राखणारा काउबॉय

'ब्लॅक डायनामाइट' नावाच्या अमेरिकन सिनेमात एक प्रसंग आहे. नायक तावातावानं बोलत असतो, तेवढ्यात वरून आवाज टिपणारा बूम माइक खाली येतो आणि त्याच्या डोक्याशी लोंबकळतो. नायकाची नजर क्षणभर वर जाते, पुन्हा समोर येते, आणि संवाद पुढे चालू राहतो. दुसऱ्या एका प्रसंगात एक नट संवादाबरोबर कंसातली सूचनाही मोठ्यानं म्हणून टाकतो. मारामारीत एकाला चुकून खरोखरच ठोसा बसतो, तो भडकतो, आणि पुढच्याच शॉटमध्ये त्याच्या जागी भलताच माणूस उभा असतो.

या सगळ्या चुका ठरवून केलेल्या आहेत. सिनेमा 2009 चा. नक्कल सत्तरच्या दशकातल्या, कमी पैशांत उरकलेल्या पटांची. त्यासाठी स्कॉट सँडर्स या दिग्दर्शकानं चित्रीकरण सुपर 16 फिल्मवर केलं आणि 20 दिवसांत आटोपलं. मायकेल जे व्हाइट हा नट कराटेत खरोखर पारंगत आहे. पण तो इथे थेट नायकाचं काम करत नाही. तो साकारतो फेरांटे जोन्स नावाचा एक काल्पनिक, अभिनयाशी फारसं देणंघेणं नसलेला माजी फुटबॉलपटू, आणि हा जोन्स ब्लॅक डायनामाइटचं काम करतो. म्हणजे एक चांगला नट, एका वाईट नटाच्या आत शिरून, एका अजिंक्य नायकाचं काम करतोय. अभिनयात ठरवून वाईट दिसणं आणि तरीही प्रेक्षकाला कंटाळा येऊ न देणं ही कसरत मला ट्रॅजेडीपेक्षा अवघड वाटते. फुटबॉलपटूचा तपशीलही उगाच आलेला नाही: त्या पटांचे जिम ब्राउन आणि फ्रेड विल्यमसन हे नायक खरोखरच मैदानावरून पडद्यावर आले होते.

ज्यांची ही टिंगल आहे त्या पटांना ब्लॅक्सप्लॉयटेशन म्हणतात. 1971 च्या आसपास हॉलिवूडच्या ध्यानात आलं की कृष्णवर्णीय प्रेक्षकही तिकीट काढतो आणि त्याला पडद्यावर आपला माणूस जिंकलेला बघायचाय. त्याच वर्षी गॉर्डन पार्क्स यांचा 'शाफ्ट' आला. चामड्याचा लांब कोट घातलेला खासगी गुप्तहेर, न्यूयॉर्कचे रस्ते आणि आयझॅक हेज यांचं संगीत. त्यातल्या शीर्षकगीताला ऑस्कर मिळालं. गुप्तहेराचा साचा गोऱ्या नायकांचा, उसना घेतलेला. पण शाफ्ट टॅक्सीला हात करतो आणि टॅक्सीवाला त्याला सोडून गोऱ्या गिऱ्हाइकापुढे थांबतो. इथे उसना कोट अंगाला बसत नाही, शिवणीपाशी ताणला जातो. आणि त्या उसवल्या जागेतून न्यूयॉर्क दिसतं, अमेरिका दिसते.

विडंबनकाराची नजर नेमकी या शिवणीवर असते असं मला दिसत आलंय. शिवण बघायला आपण बंगळूरला जाऊ.

तिथल्या थेटरांत 1968 साली कन्नडमधला जेम्स बाँड अवतरला. दोरै आणि भगवान या जोडीचा 'जेडर बले', म्हणजे कोळ्याचं जाळं, आणि नायक राजकुमार. तोवर राजकुमार पौराणिक आणि ऐतिहासिक भूमिकांतून घराघरात पोचलेले. 1954 सालच्या 'बेडर कण्णप्प'मधला शिवभक्त शिकारी लोकांच्या मनात ताजा होता. आता तेच सूटबूट घालून पिस्तूल रोखू लागले. क्रमांक 007 नव्हे, सीआयडी 999. लगेच त्याच वर्षी 'गोवादल्ली सीआयडी 999' आला; गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती आणि कन्नड प्रेक्षकाला तो परदेशाइतकाच नवलाचा वाटला असणार. मालिकेतला चौथा पट, 'ऑपरेशन डायमंड रॅकेट', 1978 चा. त्यात जी. के. वेंकटेश यांच्या चालीवर राजकुमार चक्क इंग्रजी गाणं गातात, स्वतःच्या आवाजात, अगदी मनापासून. पुढे ते इंटरनेटवर देशभर फिरलं आणि कन्नडचं अक्षरही न कळणारे लोक त्यावर हसले. हसू येतं हे खरं. पण ज्या माणसानं देवादिकांची भजनं गायिली त्याच गळ्यातून ते इंग्रजी येतंय, आणि त्याला त्यात जराही अवघडल्यासारखं होत नाही, ही गोष्ट हसणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

बाँडबरोबर काउबॉयही दक्षिणेत आला होता. तेलुगूत कृष्णा यांचा 'मोसगाळ्ळकु मोसगाडु' 1971 चा, तमिळमध्ये जयशंकर यांचा 'गंगा' 1972 चा. घोडे, माळरान, कमरेला काडतुसांचा पट्टा. हा काउबॉय आपण घेतला तो बराचसा इटालियन वेस्टर्नकडून, आणि त्या इटालियन मंडळींनी 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'ची गोष्ट उचलली होती कुरोसावांच्या 'योजिम्बो'वरून. जपानचा सामुराई असा इटलीमार्गे आंध्रात पोचला. हिंदीनंही यात हात धुऊन घेतले: बंगळूरपासून 50 किलोमीटरवर रामनगरच्या खडकाळ टेकड्यांत रमेश सिप्पींनी 'शोले'चं रामगढ उभारलं.

या काउबॉयची टिंगल पहिल्यांदा झाली सिनेमात नव्हे, टीव्हीवर. 1994 च्या सुमारास चॅनल व्हीवर कार्यक्रमांच्या मध्ये छोटे विनोदी तुकडे लागत. त्यात एक पात्र होतं, क्विक गन मुरुगन. दक्षिणी मिशा, काउबॉयची टोपी, बिबट्याच्या कातडीचा छाप असलेलं जाकीट, आणि प्रत्येक वाक्याला 'माइंड इट'. कल्पना राजेश देवराज आणि शशांक घोष यांची. पंधरा वर्षांनी घोष यांनीच त्याचा पूर्ण लांबीचा सिनेमा केला. तो लागला ऑगस्ट 2009 मध्ये, आणि 'ब्लॅक डायनामाइट' अमेरिकेत लागला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांचा पत्ताही नसताना, दोन माणसं सत्तरच्या दशकातल्या गल्लाभरू नायकांची टोपी नि कोट घालून उभी राहिली, आणि दोघांचीही सुरुवात छोट्या तुकड्यानंच झालेली: मायकेल जे व्हाइटनंही आधी स्वस्तात एक नकली ट्रेलर करून पाहिला होता. असले योगायोग घडवून आणता येत नाहीत.

मुरुगनची गोष्ट ऐका. तो शाकाहारी काउबॉय आहे. अमेरिकेतला काउबॉय गुरं हाकतो ती अखेर कत्तलखान्याच्या गाडीत चढवायला. हा गाईंचं रक्षण करतो. शब्दशः गोपाळ, हातात बासरीऐवजी पिस्तूल. त्याचा वैरी राइस प्लेट रेड्डी. नासर यांनी हे नाव धारण करूनही चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिलेली नाही. रेड्डीला शाकाहारी खाणावळी संपवून मांसाहारी डोशांचं साम्राज्य उभारायचंय. मुरुगनची प्रेयसी मेलेली आहे, पण गळ्यातल्या लॉकेटमधून ती त्याच्याशी बोलते, रागावते, आणि रंभानं साकारलेली मँगो डॉली आसपास फिरू लागली की मत्सरही करते. मुरुगन मारला जातो आणि वर पोचतो, तर तिथे सरकारी कचेरी. तिथून परवानगी घेऊन तो काही वर्षांनी मुंबईत परततो, तोवर रेड्डीचं 'मॅकडोसा' उभं राहिलेलं.

मुरुगनचं काम केलंय तेलुगूतले विनोदी नट राजेंद्र प्रसाद यांनी. ते एकदाही हसत नाहीत, डोळा मारत नाहीत. पडद्यावरच्या माणसानं स्वतःच विनोद ओळखला की प्रेक्षकाला करायला काही उरत नाही; हा नियम राजेंद्र प्रसाद शेवटपर्यंत पाळतात.

आता खरी मौज. 1994 साली मुरुगन टीव्हीवर आला तेव्हा भारतात मॅकडोनाल्डचं एकही दुकान नव्हतं. पहिलं उघडलं 1996 साली. पण त्याआधी, 1995 मध्ये, केएफसीनं देशातलं पहिलं दुकान उघडलं ते बंगळूरला. हे शहर कशाचं? मावळ्ळी टिफिन रूम्सचं, गांधी बाजारातल्या विद्यार्थी भवनचं. जिथे सकाळी लोक डोशासाठी दाराशी ताटकळत उभे राहतात. तिथे अमेरिकन तळलेली कोंबडी आली. महापालिकेनं कोंबडीत अजिनोमोटो जास्त असल्याचं कारण काढून परवाना काढून घेतला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, दुकान पुन्हा चालू झालं. मग जानेवारी 1996 मध्ये प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या कर्नाटक राज्य रयत संघाचे शेतकरी दुकानात शिरले आणि त्यांनी मोडतोड केली. खांद्यावर संघटनेची हिरवी शाल. याच संघटनेनं 1992 च्या डिसेंबरात बियाण्यांच्या प्रश्नावर कारगिल कंपनीच्या बंगळूरमधल्या कचेरीवर मोर्चा नेऊन कागदपत्रं बाहेर काढून जाळली होती.

मोडतोड काही मला पटणारी नाही, आणि नंजुंडस्वामींचं म्हणणं कोंबडीपुरतं नव्हतंच. त्यांना दिसत होतं ते परदेशी कंपन्यांच्या हातात जाणारं बियाणं आणि पशुखाद्यासाठी वळणारी शेती. पण जरा लांबून बघा. एका बाजूला परदेशी साखळीचं खाणावळ-साम्राज्य, दुसऱ्या बाजूला गाईगुरांच्या आणि शेताच्या बाजूनं उभा राहिलेला, स्वतःच्या खास पोशाखातला माणूस. पुढे सिनेमातल्या थट्टेत जे आलं ते 1996 मध्येच बंगळूरच्या रस्त्यावर घडून गेलं होतं, आणि तिथे कोणी थट्टा करत नव्हतं. मुरुगनच्या कोटाची शिवण जिथे उसवते तिथून हे दिसतं: कोणी काय खायचं, कोणाच्या हातचं खायचं. वेस्टर्नमध्ये झगडा जमिनीचा आणि सोन्याचा. आपल्याकडे तो जेवणाच्या पानापर्यंत आला की मगच खरा पेटतो.

तरीही 'क्विक गन मुरुगन' बघताना मला मधूनमधून टोचतं. 'माइंड इट' हे मुंबई-दिल्लीकडून दक्षिणेकडे बघून केलेलं हसू आहे. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळी सगळे एकाच 'मद्रासी' पिशवीत कोंबलेले आणि त्यांच्या इंग्रजी उच्चारावर हशा. अमेरिकेतली गोष्ट वेगळी झाली. कीनन आयव्हरी वेयन्सनं 1988 साली 'आय अ‍ॅम गॉना गिट यू सका' हे ब्लॅक्सप्लॉयटेशनचं विडंबन केलं तेव्हा त्यानं जुने नायकच बोलावून घेतले: जिम ब्राउन, बर्नी केसी, आणि ज्यांनी 'शाफ्ट'चं संगीत केलं ते आयझॅक हेजसुद्धा. ज्यांच्यावर हसायचं तेच पंगतीला. आपल्याकडे अत्र्यांनी 1925 च्या 'झेंडूची फुले'त रविकिरण मंडळाच्या कवितेची जी रेवडी उडवली तीही त्या कवितेच्या अगदी जवळ वावरलेल्या माणसानं. ज्याला त्या कवितेची नस ठाऊक नाही त्याला ती नेमकी दाबता येत नाही. तमाशातली गवळणसुद्धा देवाची थट्टा करते, पण करणारा पेंद्या कृष्णाच्याच गोटातला असतो.

'माइंड इट'चा नेम सगळ्यांना ठाऊक होता: रजनीकांत. आणि रजनीकांत म्हणजे शिवाजीराव गायकवाड, 12 डिसेंबर 1950 ला बंगळूरमध्ये मराठी घरात जन्मलेले, वडील रामोजीराव पोलीस खात्यात. घराण्याचं मूळ पुरंदर तालुक्यातलं मावडी कडेपठार असं सांगतात. शिक्षण कन्नडमध्ये, नोकरी बंगळूरच्या सिटी बसवर कंडक्टरची, पैशापाण्याची मदत त्याच बसच्या ड्रायव्हर मित्राची, सिनेमाचं शिक्षण मद्रासचं. ज्याच्या तमिळपणाची देशभर नक्कल झाली तो माणूस घरी मराठी बोलत वाढला. 1978 मध्ये, राजकुमार इंग्रजी गात होते त्याच वर्षी, रजनीकांत 'ताय मीदु सत्यम'मध्ये काउबॉय झाले. म्हणजे मुरुगनची टोपी त्यांनी खरोखर डोक्यावर ठेवली होती.

आणि त्यांची सर्वांत चांगली थट्टा त्यांनी स्वतःच केली. 2007 चा 'शिवाजी'. शंकर दिग्दर्शक, नायकाला जन्मनावच दिलेलं. त्यात हा नायक मुलीला गोरा आवडतो म्हणून गोरं व्हायची नाना खटपट करतो. तिला रिझवण्यासाठी शिवाजी गणेशन, एमजीआर आणि कमल हासन यांच्या नकला करतो. रजनीची ओळख असलेली हवेत उडवून ओठांत झेललेली सिगारेट तोवर आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांच्या टीकेनंतर मागे पडली होती. इथे ते त्याच ऐटीत च्युइंगम उडवून झेलतात. तीच झेप, तोच झेल, आणि तोंडात मुलांचा खाऊ. थेटरात शिट्टी पडते ती च्युइंगमसाठी नव्हे, सिगारेटसाठीच, आणि पडद्यावरचा माणूस ते जाणून असतो.

कन्नडनंही आपली टिंगल अखेर घरच्यांकडूनच करून घेतली. 2019 मध्ये जयतीर्थ यांचा 'बेल बॉटम' आला. ऐंशीच्या दशकातला दिवाकर (ऋषभ शेट्टी) पोलिसात शिपाई आहे, पण डोक्यात गुप्तहेरकथा आणि तसलेच सिनेमे. पायात घोळदार पँट, मानेवर केस, चेहऱ्यावर शेरलॉकचा भाव, आणि तपास करायला मिळतो तो पोलीस ठाण्यातूनच मुद्देमाल गायब होत असल्याचा. 999 बघत मोठा झालेला पोरगा 999 होऊ पाहतो. दोन वर्षांनी हिंदीत अक्षय कुमारचा 'बेल बॉटम' आला, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, विमान अपहरणाची गंभीर गोष्ट आहे ती. शोधताना चुकून तो लावलात तर अर्धा तास विनोदाची वाट बघत बसाल.