नवजाताच्या रक्तातील जंतुसंसर्ग
दिल्लीतील तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता कक्षात दाखल झालेल्या १३,५३० नवजात अर्भकांपैकी १४.३ टक्के बालकांना सेप्सिस झाल्याची नोंद आहे. आणि त्यांतील बहुसंख्य प्रकरणे जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतच उद्भवली, ही बाब मनाला विशेष व्यथित करणारी होय. अपुऱ्या दिवसांच्या बालकाची त्वचा इतकी नाजूक व प्रतिकारशक्ती इतकी अपक्व असते, की जी नळी शिरेवाटे त्याचे पोषण करते तीच जंतूंनाही रक्तात वाट करून देते. प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी, मात्र उपचारास विलंब न लावता, रक्ताचा नमुना जंतुसंवर्धनासाठी घेणे इष्ट. अँपिसिलिन व जेंटामायसिन ही रूढ जोडी. परंतु दिल्लीत सर्वाधिक आढळलेला असिनेटोबॅक्टर बहुतांशी अनेक औषधांना दाद देत नव्हता, आणि हात धुण्यातील कसूर अशाच जंतूंच्या पथ्यावर पडते.