पोलादाचे अदृश्य चिलखत

तंजावरच्या मराठी घरांत चिंचेचा कोळ ज्या स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यात नित्य उकळतो, ते वर्षानुवर्षे लखलखीत राहते. परंतु कावेरी जेथे सागरास मिळते त्या पूंपुहारकडील गावांत, खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या त्याच धातूच्या कठड्यावर तांबूस ठिपके उमटतात, हे कसे?

पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले, की ते प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर अतिसूक्ष्म पापुद्रा निर्माण करते. ओरखडा पडलाच, तर तटाचे खिंडार शिबंदीने तत्काळ बुजवावे, तसा तो आपोआप सांधला जातो. मिठातील क्लोराइड मात्र फितुरासारखे दुबळ्या जागी शिरून छिद्र कोरते, आणि आत प्राणवायूची रसद पोहोचत नसल्याने ते बुजत नाही.

म्हणूनच प्रतवारी महत्त्वाची. ३०४ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते, आणि स्वयंपाकघरास ती पुरते. ३१६ प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमही असल्याने ती क्लोराइडचा हल्ला अधिक काळ थोपवते. किनाऱ्यावरील गृहस्थाने कठड्यासाठी हीच प्रत घ्यावी, आणि तोही गोड्या पाण्याने अधूनमधून धुवावा.