क्लच बदलण्याआधी : परभणीच्या काळ्या रानातला मागोवा

इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचवायची आणि हवी तेव्हा तोडायची, एवढेच क्लचचे काम. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबली जाते आणि घर्षणाने तिन्ही एकत्र फिरतात. पेडल दाबले की दाब सुटतो आणि चाकांकडे जाणारी ताकद तुटते. मूळचा क्लच काढून जास्त ताकदीचा बसवावा का, आणि बसवायचा तर कोणता, हा प्रश्न रेसच्या ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांना पडतो. परभणी जिल्ह्यात तो ट्रॅक्टरवाल्यांना पडतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरच्या क्लच असेंब्लीवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. त्याच महिन्यात अतिवृष्टीने मराठवाड्यात नदीकाठची राने खरवडून नेली आणि उभे सोयाबीन पाण्यात गेले. क्लच स्वस्त झाला तेव्हा तो विकत घ्यायला अनेकांच्या हातात पैसा नव्हता. अशा वेळी चुकीचा क्लच घेणे कुणालाच परवडणारे नाही आणि चुकीचे क्लच या जिल्ह्यात फार बसवले गेले आहेत.

ट्रॅक्टरच्या सुरुवातीच्या काळाबद्दल सांगण्यासारखे फार नाही. 1959 मध्ये फरिदाबादहून आयशर, 1963 पासून महिंद्रा, 1971 मध्ये एचएमटी, 1974 मध्ये स्वराज असे देशी ट्रॅक्टर येत गेले. तरी परभणीत नांगरट, वखरणी, पेरणी लाल कंधारी बैलांवरच चालत होती. गावात असलाच तर एखादा ट्रॅक्टर, त्याला नांगर, मोगडा नाहीतर एक ट्रॉली. एवढ्या कामाला सिंगल क्लच पुरत होता आणि वर्षानुवर्षे टिकत होता.

सगळे बदलले ते 2010 ते 2020 या दशकात. रोटाव्हेटर घरोघरी आला. 2014-15 पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाचे अनुदान मिळू लागल्यावर तर त्याला वेग आला. सोयाबीन वाढले तसा मळणीला हडंबा आला. पाथरी, मानवत, गंगाखेड, पूर्णा या पट्ट्यात उसाची वाहतूक एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लावून होऊ लागली. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला आणि पळाट्या उपटण्याऐवजी श्रेडरने बारीक करण्याचा सल्ला गावोगाव दिला जाऊ लागला. ट्रॅक्टर आता नुसता ओढत नव्हता, मागचे यंत्रही फिरवत होता. त्याच्या पोटातला क्लच मात्र बऱ्याच ठिकाणी जुन्या कामाच्या मापाचा होता.

सिंगल क्लचची अडचण इथेच कळते. पेडल दाबले की चाकांबरोबर पीटीओ, म्हणजे मागचे यंत्र फिरवणारा शाफ्टही थांबतो. रोटाव्हेटर ढेकळात अडला किंवा हडंब्यात ओला पाला गुंतला की चाके थांबवून यंत्र मात्र फिरते ठेवायचे असते; सिंगल क्लचमध्ये ते जमत नाही. मग ड्रायव्हर पेडलवर पाय ठेवून, अर्धा क्लच मारत काम ओढतो. प्लेट पूर्ण दाबलेलीही नाही आणि पूर्ण सुटलेलीही नाही, अशा स्थितीत इंजिनाची ताकद उष्णतेत जाते आणि लायनिंग जळते. ड्युअल क्लचमध्ये पेडलचे दोन टप्पे असतात. अर्ध्यापर्यंत दाबले तर चाके थांबतात, पीटीओ चालू राहतो; पूर्ण दाबले तर दोन्ही थांबतात. डबल क्लचमध्ये पीटीओला वेगळा हाताचा दांडा असतो, त्यामुळे दोन्हींचा एकमेकांशी संबंधच राहत नाही. दोन टप्प्यांचा क्लच मॅसी फर्ग्युसनच्या 35 ट्रॅक्टरवर 1950 च्या दशकातच आला होता. तरीही 2010 च्या दशकात विक्रीच्या ओट्यावर गिऱ्हाइकाला हॉर्सपॉवर सांगितली जाई, हप्ता सांगितला जाई. क्लच कोणता, हे क्वचितच. क्लच जळाला की खापर ड्रायव्हरवर फुटे. पायाची सवय वाईट असते हे खरे, पण रोटाव्हेटर लावायला सिंगल क्लचचा ट्रॅक्टर देणाऱ्याची जबाबदारी त्याहून मोठी होती.

त्यात दुष्काळ आले. 2012, 2014 आणि 2015 या तीन सालांनी परभणीचे रान दगडासारखे केले. काळ्या मातीत चिकणमातीचा अंश मोठा. ओली असताना ती फाळाला चिकटते, वाळली की भेगाळून कठीण होते. अशा रानात पलटी नांगर घालताना जागेवरून सुटतानाच क्लचवर सगळ्यात मोठा भार येतो. या वर्षांत ट्रॅक्टर मधून फोडून क्लच बदलण्याचे काम मिस्त्र्यांकडे सतत असे.

फोडलेल्या ट्रॅक्टरचा क्लच वाचता आला पाहिजे. फ्लायव्हीलवर निळसर डाग आणि केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर प्लेट घसरत होती, तापत होती. लायनिंग रिबिटांच्या डोक्यापर्यंत झिजले आणि रिबिटांनी फ्लायव्हीलवर गोल चरे पाडले तर बदल उशिरा झाला. लायनिंग जाडसर आहे पण तेलकट, काळे, चकचकीत आहे, तर दोष क्लचचा नाही. क्रँकचे किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचे तेलसील गळते आहे. प्रेशर प्लेटची बोटे टोकाला खोलगट झिजली असतील तर पेडलचा मोकळा खेळ, जो साधारण 20 ते 30 मिमी असावा, कुणी कधी पाहिला नव्हता. ही पाहणी न करता नुसती भारी प्लेट टाकली की तीही तशीच जाते. त्या दशकात असे किती वेळा घडले याची गणती कुणी ठेवली नाही.

त्याच सुमारास ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांना बटण प्लेट बसवण्याची टूम निघाली. अखंड गोल लायनिंगऐवजी सिरॅमिक-धातूच्या चार-सहा चकत्या असलेली ही प्लेट उष्णता जास्त सोसते आणि पकड घट्ट धरते. सलग ओझे ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ती योग्य जागी उपयोगी आहे. पण ती हळूवार पकडत नाही, एकदम पकडते. दोन भरल्या ट्रॉल्या मागे असताना तो धक्का स्प्लाइन, गिअरचे दात आणि मागच्या डिफरन्शियलपर्यंत जातो. क्लच हा साखळीतला मुद्दाम ठेवलेला कमजोर दुवा असतो. तोच पोलादी केला की पुढचा, जास्त महाग दुवा तुटतो. हे न सांगता बटण प्लेट विकणाऱ्यांनी शेतकऱ्याचे नुकसान केले, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

निवडीचे गणित अवघड नाही. क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरते: घासणाऱ्या बाजू, घर्षणांक, स्प्रिंगांचा दाब आणि प्लेटची सरासरी त्रिज्या. या चारांचा गुणाकार म्हणजे क्षमता. 45 एचपीचे इंजिन 2000 फेऱ्यांना सुमारे 158 न्यूटन-मीटर टॉर्क देते. फेऱ्या खाली आल्या की टॉर्क त्याहून वाढतो. सुमारे 305 मिमी व्यासाच्या प्लेटची सरासरी त्रिज्या 125 मिमीच्या आसपास धरली, दोन बाजू आणि 0.3 घर्षणांक घेतला, तर 380 न्यूटन-मीटर पेलायला स्प्रिंगांचा दाब 500 किलोच्या थोडा वर लागतो. इंजिनाच्या दुपटीहून जास्त ही राखीव क्षमता ट्रॅक्टरला हवीच. लायनिंग बदलले आणि दाब तोच, दमलेल्या स्प्रिंगांचा राहिला, तर हिशेब जमत नाही. दाबच वाढवला तर पेडल जड होते, रिलीज बेअरिंग लवकर जाते आणि दिवसभर रोटाव्हेटर मारणाऱ्याचा गुडघा दुखतो. म्हणून बसत असेल तिथे मोठ्या व्यासाची प्लेट, जुळणाऱ्या प्रेशर प्लेटसह, हा पहिला पर्याय. बटण प्लेट शेवटचा.

रेसच्या गाडीचे सूत्र हेच, पण उत्तर वेगळे. चेन्नईजवळच्या किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीत क्लच क्षणभर घसरतो आणि जास्त फेऱ्यांना झटपट गिअर पडतात. तिथे हलकी, कमी व्यासाची, धातूच्या चकत्यांची प्लेट चालते. धक्का सोसायचा हे आधीच ठरलेले असते. ट्रॅक्टरचा क्लच कमी फेऱ्यांवर, मोठ्या ओझ्याखाली, लांबवर घसरतो. ‘रेसिंग’ असे छापलेला डबा पाहून शेताचा क्लच घेणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा जोडा घालणे.

2010 च्या दशकाबरोबर काही गोष्टी कायमच्या गेल्या. 2016 मध्ये एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद झाला. जुनी प्लेट घेऊन तिच्यावर नवे लायनिंग रिबिटांनी बसवून देणारे कारागीर कमी झाले. त्या लायनिंगात बहुधा ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक, म्हणून ते काम तसेच चालू राहायला नको होते. पण प्लेट हातात घेऊन ती का जळाली हे सांगणारा माणूस त्याच्याबरोबर गेला, ही हानी मोठी आहे. आता डबा मिळतो, सल्ला मिळत नाही.

2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आणि 50 च्या आतल्या ट्रॅक्टरांना आणखी मागणी आली. अवजारे मात्र मोठीच होत आहेत. म्हणजे तेवढ्याच ताकदीच्या ट्रॅक्टरच्या क्लचवर भार वाढतो आहे. तरीही क्लचच्या डब्यावर साधारणपणे मॉडेल, व्यास आणि स्प्लाइनची संख्या असते. तो किती न्यूटन-मीटर पेलतो हे नसते. कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणता येतो, तर हा एक आकडा छापण्याची सक्तीही करता येईल. तोवर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने रोटाव्हेटर, हडंबा, श्रेडर आणि दोन ट्रॉल्या या कामांसाठी कोणता क्लच लागतो, याचा एक पानी तक्ता मराठीत काढून तालुक्या-तालुक्यात लावावा.