स्वस्त कपडा आणि महाग प्रतिष्ठा

दसरा-दिवाळीच्या सुमारास शहरोशहरीच्या स्वस्त कपड्यांच्या दुकानांत जी गर्दी उसळते, तिच्याकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा सुशिक्षित समाजात रूढ आहेत. पहिली तऱ्हा जुनी आहे. स्वस्त ते हलके, आणि हलके वापरणाराही हलका, असा तिचा हिशेब असतो. दुसरी तऱ्हा अलीकडची आहे. ती या गर्दीला चंगळवादी ठरवते आणि चारशे रुपयांच्या सदऱ्यामुळे पृथ्वीचा ऱ्हास कसा होतो, हे आठशे रुपयांची कॉफी पुढ्यात ठेवून समजावून सांगते. वरवर परस्परविरोधी भासणाऱ्या या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट समान आहे. दोघींनाही दोष दिसतो तो ग्राहकाचा. ज्या किमतीला तो कपडा विकला जातो, ती किंमत कशी ठरते, हा प्रश्न मात्र दोघीही टाळतात.

वस्तुतः काटकसरीने कापड घेणे ही मराठी मध्यमवर्गाची पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. १९४३ च्या नियंत्रण हुकमानंतर ‘कंट्रोल’चे कापड घराघरांत आले. ते जाडेभरडे म्हणून त्याला नाके मुरडणाऱ्यांनीही ते वापरलेच. एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे सदरे बेतावेत, ते ‘वाढत्या अंगाचे’ शिवावेत, थोरल्याचे धाकट्याला यावेत आणि अखेर बोहारणीकडून त्या कपड्यांच्या मोबदल्यात एखादे पातेले घरात यावे, असा तो क्रम होता. कटपीसची दुकाने आणि नायगावात १९४८ साली सुरू झालेल्या ‘अपना बाजार’सारख्या सहकारी संस्था यांनी या वर्गाला मानाने स्वस्त खरेदी करण्याची सोय दिली. त्या काळी काटकसर हा गुण होता, आणि तो लपवावा असे कोणाला वाटत नव्हते.

गिरणी गेली, दुकान आले

मग हे चित्र पालटले कसे? कापड विकत घेऊन शिंप्याकडे टाकण्याची पद्धत मागे पडली आणि तयार कपड्यांबरोबर त्यावरील नाममुद्राही अंगावर आली. सदरा केवढ्याला पडला यापेक्षा तो कोणाचा, हे महत्त्वाचे ठरले. प्रतिष्ठा कापडातून निघून चिठ्ठीत शिरली.

याच सुमारास कापडधंद्याचाही कायापालट झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक मिटत गेल्या. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात पुढे झगमगीत विक्रीसंकुल उभे राहिले. टाटा समूहाचा इतिहास याहून बोलका आहे. जमशेटजी टाटांनी नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे सरकारी महामंडळाकडे गेलेली ती गिरणी २००२ मध्ये कायमची बंद पडली. त्याच समूहाच्या ट्रेंट कंपनीने २०१६ मध्ये ‘झुडिओ’ नावाची दुकाने सुरू केली, आणि आज तालुक्याच्या गावांतील तरुणही तिथे दिसतात. ज्या घराण्याने कापड विणण्यापासून आरंभ केला, ते आता मुख्यतः दुसऱ्यांनी शिवलेले कपडे विकते. उत्पादनाकडून विक्रीकडे झालेला हा देशव्यापी प्रवास एका नावात सामावला आहे.

या नव्या दुकानांचे गणित गूढ नाही. एकच घरगुती नाममुद्रा, मधले दलाल कमी, जाहिरातीवर खर्च नाममात्र, बहुतेक वस्तू हजार रुपयांच्या आत आणि नफा थोडा, पण माल झपाट्याने हलणारा. गिऱ्हाइकाला घासाघीस करावी लागत नाही, कोणी ‘काय बजेट आहे?’ असे तोंड वाकडे करून विचारत नाही, आणि आरशासमोर उभे राहण्याचा हक्क सर्वांना सारखाच मिळतो. ही अखेरची गोष्ट क्षुल्लक मानू नये. मोठ्या दुकानाच्या काचेआड जाण्याचे धैर्य ज्यांना होत नव्हते, त्यांना मिळालेला तो सन्मानच आहे.

वेषाची सक्ती आणि मानधन

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही, हे शिक्षकवर्ग जाणतो. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या वेषासंबंधी सूचना काढल्या. पुरुषांनी फिकट सदरा खोचून गडद पँट घालावी, महिलांनी साडी किंवा सलवार-कमीज यांसारखा पोशाख करावा, जीन्स व टी-शर्ट वर्गात नकोत. शिक्षकाने नीटनेटके राहावे याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन जानेवारी २०२३ पासून वाढवूनही १६ हजार रुपयेच झाले. घरभाडे, प्रवास आणि गावी पाठवायचे पैसे वजा जाता त्याच्या हाती जे उरते, त्यातून चार सदरे घ्यायचे तर तो स्वस्त दुकानात जाणार नाही तर कोठे जाणार? त्या सदऱ्यावरून त्याची पायरी ठरवणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करून पाहावी. कंत्राटी कारकून आणि मुलाखतीसाठी पहिला इस्त्रीचा शर्ट घेणारा विद्यार्थी यांचीही गोष्ट निराळी नाही.

किंमत कोण चुकवतो?

तथापि ग्राहकाला दोषमुक्त केले म्हणून प्रश्न संपत नाही. स्वस्ताईचा काही भाग व्यापारी कौशल्यातून येतो, तसा काही भाग दुसऱ्याच्या घामातूनही येतो. भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या नव्या नाहीत. शिलाईचे काम अनेक ठिकाणी नगावर चालते, आणि दर पाडला गेला की सर्वप्रथम कात्री लागते ती शिवणाऱ्या बाईच्या मजुरीला. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसे मेली. भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते. तरीही कामगारांना यंत्रांवर बसवण्यात आले.

त्या ढिगाऱ्यातून पुढे आलेली एक गोष्ट मात्र पुरेशी चर्चिली गेली नाही. तिथल्या कारखान्यांनी प्रायमार्कसारख्या स्वस्त दुकानांसाठी माल शिवला होता, तसाच बेनेटन आणि मँगो यांसारख्या वरच्या दरांच्या नाममुद्रांसाठीही. छप्पर एकच होते. तेव्हा महाग कपडा घेतला म्हणजे शिवणाऱ्याला अधिक मिळाले, हे समाधान खोटे आहे. जादा पैसे बव्हंशी जाहिरातीत, भाड्यात आणि नफ्यात जिरतात. स्वस्त दुकानाकडे नैतिक उंचीवरून पाहणाऱ्याची ही उंची त्यामुळे आपोआप खाली येते.

सावधपणा कोठे हवा

खरी सावधगिरी बाळगायची ती ‘सवलत’ या शब्दाबाबत. कमी किंमत आणि कमी केलेली किंमत या दोन भिन्न गोष्टी आहेत. कपड्यावरील छापील किंमत उत्पादक स्वतःच ठरवतो. ती आधी फुगवून नंतर निम्म्यावर आणली, तर ती सूट नव्हे, केवळ आकड्यांचा खेळ. शिवण दुहेरी आहे की नाही, शिलाईत कापड राखले आहे काय, धुतल्यावर कापड टिकेल काय, हे आजीच्या पिढीला बोटांनी कळत असे. ते ज्ञान फलकावरील टक्केवारीपेक्षा अधिक भरवशाचे आहे. शिवाय ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत निरर्थक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार असा माल पावतीवरील मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

उरतो तो मजुरीचा प्रश्न, आणि तो दुकानाच्या दाराशी सुटणारा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या असून किमान वेतनाचा हक्क सर्व क्षेत्रांतील कामगारांना देण्याचे वचन त्यांत आहे. हे वचन भिवंडीच्या मागापर्यंत आणि नगावर शिवणाऱ्या बाईपर्यंत पोहोचते काय, हे सरकारला आणि विक्रेत्या कंपन्यांना विचारले पाहिजे. त्याने सदऱ्यामागे पंचवीस-तीस रुपये वाढले, तर ते सोसण्याइतका शहाणपणा सामान्य ग्राहकाजवळ आहे. त्याच्यापाशी पैसे कमी असतील, विवेक कमी आहे असे मानण्यास मात्र कोणताच आधार नाही.