रोगाचं वय आणि कागदाचं वय : ब्रिटनच्या रक्तचौकशीतल्या नष्ट फायली

जुन्या दप्तरांत बसणाऱ्याला रिकामी जागा लगेच दिसते. यादीत 20 कागद आणि रुमालात 17च निघाले, तर उरलेल्या तिघांचं काय झालं हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वाळवी लागली, पाण्यात गेले, रद्दीत गेले, की कुणाच्या सोयीसाठी गेले? पेशवेकाळातल्या कागदांबाबत हा प्रश्न अभ्यासाचा असतो. पण ज्यांच्या आजाराचा पुरावा त्या कागदांत होता ती माणसं हयात असतानाच कागद गेले तर काय होतं, हे ब्रिटनच्या दूषित रक्त प्रकरणात दिसतं. अभिलेखांची आवड असणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं असं आहे.

प्रकरण थोडक्यात

1970च्या दशकापासून 1990च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांना दूषित रक्त आणि रक्तापासून बनवलेली औषधं दिली गेली. तीस हजारांहून अधिक लोकांना एचआयव्ही, हेपॅटायटिस-सी किंवा दोन्हींची लागण झाली. सुमारे तीन हजार दगावले. हिमोफिलियाच्या रुग्णांचं रक्त नीट गोठत नाही, म्हणून त्यांना ‘फॅक्टर आठ’ हे औषध देत. ते हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून बनवायचे. एक दाता बाधित असला तरी सगळा घाणा बिघडायचा. त्यातला बराच माल अमेरिकेतून यायचा. तिथे रक्तद्रव देणाऱ्यांना पैसे मिळत आणि दात्यांमध्ये तुरुंगातले कैदीही असत. एचआयव्हीची लागण झालेल्यांत सुमारे 380 मुलं होती.

सरकारचं उत्तर वर्षानुवर्षं एकच होतं : त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे उत्तम उपचार दिले, जे झालं ते नकळत झालं. हे खरं की खोटं, हे ठरवायला कागदच हवे होते. कोणाला काय कधी कळलं, कोणी काय शेरा मारला, निर्णय किती महिने अडला, हे सगळं फायलींत होतं.

कोणते कागद गेले

डेव्हिड ओवेन 1974 ते 1976 आरोग्य खात्याचे राज्यमंत्री होते. परदेशी मालावर अवलंबून राहू नये, देशातच पुरेसं औषध तयार व्हावं, म्हणून त्यांनी 1975 साली पाच लाख पौंड मंजूर केले होते. ते उद्दिष्ट वेळेत गाठलं गेलं नाही. पुढे त्यांनी आपल्या कारकिर्दीतले कागद पाहायला मागितले, तेव्हा ते नष्ट झाल्याचं उत्तर मिळालं, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. रक्ताच्या विषाणूसुरक्षेबाबत सरकारला सल्ला देणारी एक समिती 1989 साली काम करू लागली. दात्यांच्या रक्ताची हेपॅटायटिस-सीसाठी चाचणी कधी सुरू करायची, हा तिच्यापुढचा मोठा प्रश्न. जपानने ही चाचणी 1989मध्ये आणि अमेरिकेने 1990मध्ये सुरू केली; ब्रिटनमध्ये सप्टेंबर 1991 उजाडला. हा उशीर का, याचं उत्तर समितीच्या फायलींत असणार. त्या फायलींचे खंड 4 ते 17, म्हणजे 14 खंड, 1994 ते 1998 या काळात नष्ट झाले. 2000 साली खात्याने अंतर्गत तपासणी केली. कुणा अननुभवी कर्मचाऱ्याने नीट सूचना नसताना हा निर्णय घेतला असावा, असा तिचा सूर होता.

2017 साली सरकारने चौकशी जाहीर केली आणि माजी न्यायमूर्ती सर ब्रायन लँगस्टाफ यांच्याकडे ती सोपवली. कायद्याने स्थापन झालेली असल्याने ही चौकशी साक्षी-कागद सक्तीने मागवू शकत होती. 20 मे 2024 रोजी सात खंडांचा अहवाल आला. हे प्रकरण अपघात नव्हतं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. काही कागद 1993 साली मुद्दामच नष्ट करण्यासाठी काढले गेले आणि त्यांत याच चाचणीच्या दिरंगाईचे कागद होते, असाही निष्कर्ष त्यात आहे. त्याच दिवशी पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

गेलेला कागद सापडतो कसा

मूळ फाईल गेली तरी तिची सावली उरते. एका खात्याने पाठवलेल्या पत्राची प्रत दुसऱ्याकडे असते. सदस्य बैठकीचं इतिवृत्त घरी नेतात. फाईल कधी उघडली, कुठे गेली, कोणी काढून टाकली, हे नोंदवहीत राहतं. या प्रकरणात 2006 साली मोठी मदत झाली ती वकिलांच्या कचेऱ्यांची : आधीच्या दाव्यात त्यांना मिळालेल्या प्रती त्यांनी खात्याला परत केल्या. आपल्याकडेही एका घराण्याची सनद दुसऱ्या घराण्याच्या तंट्याच्या कागदांत मिळते, तशातलाच हा प्रकार. म्हणूनच जावक-आवक नोंदी आणि नष्ट केलेल्या फायलींची यादी मूळ फाईलइतकीच जपायला हवी.

खरी अडचण

मुद्दाम केलेला नाश वेगळा; पण बहुतेक रुग्णांना आडवा आला तो साधा नियम. इंग्लंडमध्ये रुग्णालयाचे कागद उपचार संपल्यावर साधारण आठ वर्षं ठेवतात. हेपॅटायटिस-सी मात्र वीस-तीस वर्षं गुपचूप यकृत पोखरतो. त्यामुळे पूर्वी कधी रक्त चढवलेल्या रुग्णाला आजार कळेपर्यंत रक्त चढवल्याची नोंदच अनेकदा उरलेली नसते. मग मदत मागायला गेलं की विचारणा होते : रक्त दिल्याचा पुरावा काय? कागद कोणीच वाईट हेतूने फाडला नाही, तरी अन्याय होतो. कागदाचं वय कपाटातली जागा पाहून ठरतं. ते रोगाचं वय पाहून ठरायला हवं.

आपल्याकडे

भारतात सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 1993 हा कायदा आहे. नियमांत सांगितलेल्या रीतीशिवाय सरकारी अभिलेख नष्ट करता येत नाही. 1892पूर्वीचा तर अगदीच जीर्ण होऊन निरुपयोगी ठरल्याशिवाय नष्टच करता येत नाही. मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण हा कायदा केंद्र सरकार, केंद्रशासित प्रदेश आणि त्यांच्या अखत्यारीतल्या संस्थांचा. राज्याचे दवाखाने आणि नगरपालिका यांचे कागद त्या-त्या राज्याच्या नियमांवर चालतात.

आपण वडोदऱ्यात असा, ग्वाल्हेरात असा की बेळगावात. प्लेग, देवी, पटकी यांच्या जुन्या नोंदवह्या आपल्याला इतिहास म्हणून हव्या असतात. कालच्या इस्पितळाची रक्तपेढीची वही मात्र कुणालाच इतिहास वाटत नाही, आणि रद्दीवाल्याच्या हातगाडीवर पहिली तीच चढते. ती वाचवता आली तर उत्तमच. नाही जमलं तरी तिचं नाव, साल, खंड आणि ती कोणाच्या हुकमाने गेली, एवढं तरी कुठेतरी तारखेसह लिहून ठेवावं. ब्रिटनमध्ये खंड 4 ते 17 गेले हे आज सांगता येतं, कारण ते गेल्याची नोंद राहिली होती.